शपथ न घेणाऱ्यांची पत्रकं

आमच्या दाराशी माणसं जमली तो रविवार होता. त्याआधी बरेच महिने मी जुन्या क्वेकर लोकांची पत्रकं मराठीत आणत होते. क्वेकर हा इंग्लंडमधला एक ख्रिस्ती पंथ. साडेतीनशे वर्षांपूर्वी ही माणसं लहान लहान पत्रकं छापून वाटायची आणि त्यापायी तुरुंगात जायची. माणसाच्या आतच उजेड आहे, तिथवर पोचायला पुरोहित लागत नाही, असं ती सांगत. न्यायाधीशासमोर टोपी काढत नसत, त्यालाही ‘तू’च म्हणत. आणि कोर्टात शपथ घ्यायला साफ नकार देत. शपथेवर खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं बोललं तर चालतं की काय, असा त्यांचा सवाल असे.

वर्तकनगरला राहणाऱ्या इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंना या पत्रकांचं मराठी पुस्तक करायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं. शुद्धलेखन वडील तपासायचे. ते मराठीचे शिक्षक होते. आता ऐंशी ओलांडलेले, हृदयात स्टेंट बसवलेली.

“न्यायाधीशाला अरेतुरे? कानाला फार लागतं गं,” ते म्हणायचे.

“बाबा, त्यासाठीच तर मार खाल्ला त्यांनी.”

“असेल. तरी लागतं.”

माझी अडचण वेगळ्याच शब्दाशी होती. हे लोक चर्चच्या इमारतीला चर्च म्हणत नसत. चर्च म्हणजे माणसं, दगडविटा नव्हेत, असं म्हणून ते तिला मनोऱ्याचं घर म्हणून हिणवत. नीट शब्द सुचेपर्यंत मी खर्ड्यात ‘देऊळ’ लिहून ठेवलेलं. साहजिकच एका पानावर, देव देवळात राहत नाही, पुजाऱ्याला काही देऊ नका, अशा अर्थाची वाक्यं एकाखाली एक आली होती.

नेमकं ते पान ठाकुर्ली स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात राहिलं. दुसऱ्या कुणाच्या कागदांत गेलं असावं. त्यावर इंग्लंडचा उल्लेख नव्हता, क्वेकरांचा नव्हता. माझं नाव आणि मोबाईल नंबर मात्र होता.

शनिवारी दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पानाचा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘हे आपल्याच बिल्डिंगमध्ये चालतंय.’ मी घाईघाईने खुलासा टाइप करायला घेतला, पण बोटं भलतीच अक्षरं दाबत होती. तोवर फोटो आणखी कुठे कुठे गेलेला. अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. पहिला घेतला. पलीकडून एवढंच आलं, “घर माहितीये आम्हाला.” नंतरचे घेतले नाहीत. प्राध्यापक बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, “वडिलांना घेऊन इकडे निघून ये.” पण वडिलांना काय सांगून बाहेर काढणार? मी त्यांना काहीच बोलले नाही. बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि त्यांना डास येतात असं सांगितलं. स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं.

रविवारी जेवणं व्हायची होती. जिन्यावर एकदम बऱ्याच चपला वाजल्या आणि बेल वाजली, थांबली, मग नुसती वाजतच राहिली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी होते, मागे ओळखीचे तीन-चार शेजारी, आणि कधी न पाहिलेली दोन तरुण पोरं. त्यातल्या एकाने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरलेला. तो शूटिंग करत होता.

“ताई, हे तुमचंच का?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचा आवाज पडलेला होता.

“माझंच. म्हणजे भाषांतर आहे. इंग्लंडमधल्या जुन्या…”

“इंग्लंड-बिंग्लंड नंतर,” मोबाईलवाला म्हणाला. “धर्मांतराचं काम करता की नाही? नाही ना? मग देवाची शपथ घ्या. आत्ता, इथे.”

मी ज्यांची पानंच्या पानं लिहून काढली होती, ती माणसं या एका गोष्टीसाठी अंधारकोठडीत वर्षं काढून आली होती. मला त्यातलं काही आठवलं नाही. मी शपथ घ्यायला देवघराकडे वळले. मनात एवढंच होतं, काय म्हणायचं ते म्हणते देवा, पण यांना उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस.

तेवढ्यात आतून वडील आले. त्यांनी दाराची चौकट धरली.

“माझी मुलगी खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “शपथ कशाला हवी?”

“ए म्हाताऱ्या, तू मध्ये पडू नको,” मोबाईलवाला खेकसला.

सेक्रेटरी गर्रकन वळले. “ए, तू कोणाला म्हणतोस रे? सर आहेत ते! माझ्या मुलाला शिकवलंय त्यांनी.” मागच्या शेजाऱ्याने त्या पोराचा मोबाईल खाली केला. “कोणत्या बिल्डिंगचा तू? तुला बोलावलं कुणी?” बघता बघता सगळे त्या दोघांवरच तुटून पडले. पानाचा विषय कुणाच्या लक्षातच राहिला नाही. ती पोरं शिव्या देत, पुन्हा येऊ म्हणत खाली गेली. सेक्रेटरी जाताना म्हणाले, “ग्रुपवर दोन ओळी टाका ताई, विषय संपवू.”

माझं म्हणणं शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं. एका ‘तू’ने आम्हाला वाचवलं, आणि मी तर महिनोन्‌महिने त्याच ‘तू’ची बाजू वडिलांना पटवत होते. दार लावल्यावर मी तिथेच जमिनीवर बसले. वडिलांनी जिभेखालची गोळी मागितली. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. “एकटीने कशाला घाबरत बसलीस?” इतकंच म्हणाले.

दोन ओळी टाकल्या. ‘देऊळ’ खोडून ‘मनोराघर’ केलं. बाईंना तो शब्द फार आवडला. तो मी अचूक म्हणून घातला की भीतीने, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही. ती पोरं परत आली नाहीत. पण कितीतरी दिवस जिन्यात चपला वाजल्या की मी हातातलं काम सोडून श्वास रोखून उभी राहायची.

पुस्तक छापायला जाताना बाईंचा फोन आला. “भाषांतरकार म्हणून तुझं नाव घालू ना? नको असेल तर तसं सांग, मी समजू शकते.”

मी वडिलांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

“घाला,” मी म्हणाले. फोन ठेवला आणि दाराची कडी नीट लागली आहे ना, ते जाऊन बघून आले.