रंजनाचा हुकूम

नवागामच्या त्या गल्लीत रंजनाचा आवाज माहीत नाही असं एकही घर नव्हतं. लग्न होऊन ती अमळनेरकडून सुरतेत आली आणि वर्षभरातच लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला लागली. तिथे मागांचा खडखडाट असा, की शेजारणीकडे पाणी मागायचं तरी घसा ताणावा लागे. पुढे ती पर्वत पाटियाजवळच्या गोदामात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. माग सुटले, आवाज काही उतरला नाही. सासू सरलाबाई म्हणत, बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याच्या आत राहावा. नवरा योगराज हसून सोडून द्यायचा.

होमगार्डची भरती निघाली तेव्हा तोच तिला नाव घालायला घेऊन गेला. सरलाबाईंनी अबोला धरला. सून पँट घालून रस्त्यात उभी राहणार, शिट्टी फुंकणार, हे त्यांच्या पचनी पडेना. "लोके काय म्हनतीन?" एवढंच त्या अहिराणीत पुटपुटत. रंजनाने वाद घातला नाही. गणपती विसर्जनाला तापीकाठी, नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर ती बंदोबस्ताला उभी राहत गेली आणि सकाळी पुन्हा घड्यांना बसत गेली.

यंदा प्रजासत्ताक दिनाचा जिल्ह्याचा सोहळा सुरतेजवळच्या कामरेजला ठरला, आणि संचलनाच्या महिला पलटणीत रंजनाची निवड झाली. महिनाभर पहाटे सराव चालला. हुकूम द्यायच्या त्या पलटणीच्या प्रमुख हीनाबेन. रंजना त्यांच्या मागे पहिल्या ओळीत.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी हीनाबेन अंगात ताप घेऊन मैदानावर आल्या. गणवेश कडक इस्त्रीचा, पण घसा पार बसलेला. तोंडातून नुसता वारा निघत होता. त्यांनी रंजनाला बाजूला घेतलं आणि आज हुकूम तू द्यायचा, असं कसंबसं सांगितलं. कोणत्या पावलावर हुकूम सोडायचा तेच आपण विसरू, सगळ्यांची शोभा होईल, असं रंजना म्हणू लागली. हीनाबेननी तिचा खांदा घट्ट धरला.

"भूल हो जाए तो भी आवाज मत गिराना. पीछे सब तेरे भरोसे चलेंगी."

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, बँड वाजू लागला. पुढे पोलिसांची तुकडी निघाली, तिच्यामागे या बायका. व्यासपीठ जवळ आलं. रंजनाने श्वास भरून घेतला.

"दाहिने देख!"

हुकूम एक पाऊल आधी सुटला होता. तिला ते त्याच क्षणी कळलं. पण बँडच्या वर तो आवाज असा काही गेला की मागच्या साऱ्या माना एका झटक्यात वळल्या. बूट एकदम पडत होते. तिने मान ताठ ठेवली, आणि व्यासपीठ मागे पडल्यावर पुढचा हुकूम अगदी नेमका दिला.

मंडपात काय घडलं ते योगराजने नंतर सांगितलं. सरलाबाई यायलाच तयार नव्हत्या. त्याने आग्रह करून आणलं होतं. तो हुकूम कानावर पडला तशा त्या खुर्चीवरून उठल्या आणि सुनेकडे बोट दाखवत शेजारच्या अनोळखी गुजराती बाईला म्हणाल्या, "ती मनी वहू शे." त्या बाईला ऐकू गेलं नसावं. तेव्हा सरलाबाईंनी तेच पुन्हा इतक्या मोठ्याने सांगितलं, की पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं.

संचलन संपल्यावर रंजना मंडपाकडे आली. हीनाबेननी तिला आधी कडक सॅल्यूट ठोकला, मग जवळ घेतलं. सरलाबाईंनी सुनेची कलंडलेली टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली, आणि एक हात तसाच तिच्या गालावर ठेवला. रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी तिची ड्यूटी कामरेजच्या चौकात लागली. गर्दी पांगत होती, हायवेकडून ट्रकांची रांग येत होती. योगराज घरी चला म्हणाला, पण सरलाबाई चहाच्या टपरीच्या सावलीत बसून राहिल्या. रंजनाने हात वर केला की एवढाले ट्रक जागच्या जागी थांबत होते, आणि त्या एकेक ट्रक नीट बघून घेत होत्या.