आमच्या ह्यांची टाकी

आमचे हे प्लंबर. गल्लीतला एकही नळ त्यांचा हात लागल्याशिवाय राहिलेला नाही. मग अर्धांगाचा झटका आला आणि तोच उजवा हात मांडीवर पडून राहायला लागला. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. शर्टाची बटणं मी लावायची आणि वर बोलणीही मीच खायची.

त्यात लेकीनं मांजर आणून ठेवलं. ती प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला. दुकानाच्या शटरखाली सापडून मांजरीची कंबर मोडलेली. मागचे पाय ओढत चालायची आणि लघवी आपली आपण व्हायची नाही. सकाळ-संध्याकाळ पोट दाबून करवायची, नाहीतर जिवाशी गाठ.

"अगं, घरात एक आजारी माणूस पुरेना, म्हणून ही धोंड?" मी कडाडले.

"आई, चारच दिवस. कुणी घेत नाहीये गं तिला."

त्या चार दिवसांचे किती महिने झाले, कोण मोजतंय! ह्यांनी तिचं नाव ठेवलं टाकी. भरली की रिकामी करायची, म्हणून. मी बाथरूममध्ये बसून तिचं पोट चाचपायची आणि हे दारात खुर्ची टाकून हुकूम सोडायचे, "जरा खाली घे. एकदम नको, दमानं."

"एवढं कळतंय तर या की, करा!" मी म्हणायची. की लगेच हे भिंतीकडे तोंड फिरवायचे.

मग एके दिवशी तिथंच पाय घसरून मी आपटले. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. लेक परगावी गेलेली, दवाखाना बंद. संध्याकाळपर्यंत टाकीचं पोट दगडासारखं झालं. तिनं ओरडणंही सोडलं. एका हातानं मी खूप खटपट केली, जमेना. शेवटी रडायलाच बसले.

"आण इकडं," हे म्हणाले.

चांगल्या हातानं मी तिला त्यांच्या मांडीवर धरलं. आधी त्यांनी डावा हात लावून पाहिला. टाकी किंचाळली. "ह्या आडदांडाला अंदाज नाही," म्हणत त्यांनी डाव्यानं उजवा हात उचलला आणि तिच्या पोटावर नेऊन ठेवला. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. "होतंय... थांब... दमानं..." कुणाला सांगत होते देव जाणे, तिला, मला की हाताला. आणि सुटली की हो धार! पँट भिजली, खुर्ची भिजली, फरशीवर तळं.

"लाइन मोकळी!" हे ओरडले आणि हसत सुटले. झटका आल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून ते काम त्यांचंच. मी जवळ गेले तरी म्हणतात, "तू लांब राहा, तुझं काम कच्चं आहे." घ्या! लोक म्हणतात, अशा मांजरीला घर दिलंत, केवढे उपकार! मला हसू येतं. त्या मुक्या जिवाचे उपकार माझ्याच्यानं ह्या जन्मी फिटायचे नाहीत.

प्लास्टर होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी माझे पिंजारलेले केस बघून हे म्हणाले, "बस पुढ्यात." कितीतरी दिवसांनी त्यांचे दोन्ही हात माझ्या डोक्याला लागले. वेणी आली वाकडी, मध्येच एक पेड सुटलेला. दुपारी लेक परतली, बघून हसली. "काय गं हे, आई? थांब, सोडून नीट घालते."

"हात तर लावून बघ!" मी म्हटलं.