नटांवरची पिवळी रेघ

“दादा, माझ्या मागनं एकदा पाना फिरवून घ्या. ह्या हाताचा भरवसा न्हाई राह्यला.”

“चाचा, चाक बसवलंय का सोयरीक जमवलीय? किती वेळा बघायचं?” पप्पा हसले.

“हसा तुमी. हा सीझन झाला की मी पाना खालीच ठेवनार हाय.”

मी आत फिल्टर धूत होते. माझे हात थांबले. चाचांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं – आणि हे फक्त मला माहीत होतं. त्या दुपारपर्यंत मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

शब्बीरचाचा काष्टीच्या आमच्या गॅरेजात माझ्या जन्माआधीपासून आहेत. उसाच्या ट्रॉलीचं चाक बसवताना ते नट आधी हाताने फिरवायचे, मग पान्याने आवळायचे, आणि शेवटी प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायचे. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. रेघ चाचांशिवाय कुणी ओढत नसे. रेघ आहे म्हणजे चाक आवळलेलं आहे.

ही गोष्ट मी नववीत असतानाची. इंग्रजी शाळेतून आले की गॅरेजच्या कोपऱ्यात बसायचे. बोलायचे नाही, नुसती बघायचे. एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता – हाताने बसवलेला नट पान्याने अजून किती फिरतो? पाव फेरा? अर्धा? चाचांनी लगेच सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

एके दिवशी ट्रॉलीच्या एका चाकाचे नट हाताने लावून झाले, तेवढ्यात बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर बंद पडला म्हणून चाचा तिकडे गेले. मी रंगाचा डबा घेतला आणि न आवळलेल्या नटांवर रेघा ओढल्या. आवळल्यावर रेघ किती सरकते ते बघायचं होतं – एवढंच. मग आईने जेवायला हाक मारली.

परत आले तेव्हा ट्रॉली फाटकाशी उभी होती. रेघा सरळ. एकही सरकलेली नाही. म्हणजे नट फिरतच नाही की काय? मला नवल वाटलं. खरंच नवलच वाटलं? की नट आवळलेलेच नाहीत हे कळलं होतं, आणि सगळ्यांसमोर ओरडायची लाज वाटली? हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय. ट्रॉली गेली.

श्रीगोंद्याच्या अलीकडे चाक निखळलं. ट्रॉली कलंडली, ड्रायव्हरचा हात मोडला. चाचा ट्रॉलीमालकासमोर मान खाली घालून म्हणाले, “परत आलो, रेघ दिसली, जॅक उतरवला. रेघ वढली अन् आवळायचंच इसरलो बघा.”

मी दाराआड होते. माझ्या नखांत पिवळा रंग होता.

तेव्हापासून चाचा प्रत्येक चाकामागे दुसऱ्याला बघायला लावतात. मी डिप्लोमा करून ह्याच गॅरेजात आले. नट किती फिरतो ते आता मला माहीत आहे – चाचांनीच माझा हात धरून दाखवलं.

फिल्टर खाली ठेवला. बाहेर गेले. पप्पांनी पाना उचलला होता, चाचा बाजूला सरकून उभे होते.

“चाचा, त्या ट्रॉलीची रेघ तुम्ही ओढली नव्हती,” मी म्हणाले. “मी ओढली होती. नट आवळायच्या आधी.”