घोडेगावच्या बाजारात आभार मानायला

आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. देवाचे मानतो, तेही रोज, दिवेलागणीला चटईवर बसून, अगदी मनापासून. पण चहाचा कप हातात दिल्यावर 'धन्यवाद' म्हणणारा माणूस आमच्याकडे परका समजला जातो, नाहीतर विमा विकायला आलेला. त्यामुळे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मंडळीला जे सांगितलं, त्यानं आमची चांगलीच पंचाईत झाली.

पहिली मेणबत्ती पेटवून झाली होती. ते म्हणाले, "देवाचे आभार तुम्ही मानताच. आता नाताळापर्यंत एवढं करा. देवानं जे दिलं, ते ज्याच्या हातून दिलं, त्या माणसाला जाऊन तोंडानं सांगा. सुरुवात घरापासून करा."

मी शिक्षिका आहे, सांगितलेला अभ्यास लगेच करायची सवय. घरी आले तर सासूबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आत्या, तुम्ही रोज सकाळी माझा डबा करून देता, म्हणून मी शाळेत वेळेवर पोचते. मला फार बरं वाटतं त्याचं."

आत्यांचा हात थांबला. "माहेरी जायचंय का?"

"नाही हो."

"मग अंग दुखतंय का?"

माझ्या नवऱ्यानं जेवताना त्यांच्या भाकरीचं कौतुक केलं, तेव्हा तर त्यांनी आमटीची चव घेऊन पाहिली, मीठ विसरलं की काय म्हणून. पण दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भाजीखाली गुळाची पोळी निघाली. आत्यांना सगळं समजलं होतं.

मामा मात्र कुणाला काहीच बोलले नाहीत. नागापूरच्या एमआयडीसीत जन्मभर मशीनच्या आवाजात काम केलेला माणूस. तिथं बोलून ऐकूच यायचं नाही, म्हणून की काय, ते एकूणच कमी बोलतात. त्या आठवड्यात एका संध्याकाळी प्रार्थना संपली, आम्ही चटई गुंडाळायला उठलो, तरी ते बसूनच राहिले.

"माझा मानूस मला म्हाईतच न्हाई," ते म्हणाले.

कोणता माणूस, हे आम्हा तिघांनाही विचारावं लागलं नाही.

पावसाळ्यात मामा एकटेच घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले होते. दाराशी एक म्हैस बांधायची, हे त्यांचं रिटायर झाल्यापासूनचं स्वप्न. तिथं त्यांना घाम फुटला, छातीत कळ आली आणि ते खाली कोसळले. कुणीतरी त्यांच्याच मोबाईलवरून माझ्या नवऱ्याला फोन केला: "तुमच्या वडलांना घेऊन नगरला निघालोय, तुमी सरकारी दवाखान्यात या." आम्ही पोचलो तेव्हा मामांवर उपचार सुरू झाले होते आणि तो माणूस निघून गेला होता. दारावरच्या वॉचमननं सांगितलं, टेम्पोवाला होता, मागे म्हैस होती, ती सारखी ओरडत होती म्हणून थांबला नाही. मामांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी नव्हती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. पुढे सगळी धावपळ, गोळ्या, पथ्य, आणि त्या माणसाला शोधायचं राहूनच गेलं. रोजच्या प्रार्थनेत मामा त्याचा उल्लेख करायचे, 'तो टेम्पोवाला' असा.

"बाजारात जाऊन बघू," मी म्हणाले.

आत्यांनी नाताळचा फराळ त्या वर्षी आधीच काढला. करंज्यांचा मोठा डबा भरला, वर फडकं बांधलं. नवऱ्याची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि मामांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. थंडी चांगली पडली होती. मामा कानाला मफलर गुंडाळून, डबा पोटाशी धरून बसले होते. वाटेत ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं प्रार्थना करतायत. नंतर कळलं, काय बोलायचं त्याची तयारी चालली होती.

बाजारात गेल्यावर माझा धीर सुटला. जिकडं बघावं तिकडं टेम्पो, आणि प्रत्येक टेम्पोत म्हैस. आम्ही जरा थांबलो की लगेच कुणीतरी पुढे यायचं. "किती दुधाची पायजे, बाबा?"

"म्हैस न्हाई, मानूस शोधतोय," मामा म्हणायचे.

"मानसाचा बाजार न्हाई भरत हितं!" एकजण म्हणाला आणि आजूबाजूचे सगळे हसले. मामाही हसले.

ऊन तापायला लागलं तशी मी मामांना चहाच्या टपरीवर बसवलं. टपरी चालवणाऱ्या बाईंना सहज विचारलं, पावसाळ्यात इथं एक म्हातारे पडले होते, ते आठवतंय का? बाईंनी उकळत्या चहावरची नजर वर केली आणि मामांकडं बघितलं.

"आगं बया! तोंडावर पानी मीच मारलं हुतं की!"

मामा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. मग त्यांनी फडकं सोडलं, डबा उघडला आणि बाईंच्या ओंजळीत करंज्या ठेवल्या. बाईंनी एक तिथंच तोडून खाल्ली. "खुसखुशीत झाल्यात," म्हणाल्या, आणि हातानं दिशा दाखवली. "नेवाश्याकडचा हाय तो. त्या लिंबाखाली लावतो टेम्पो."

लिंबाखाली चाळिशीचा एक माणूस म्हशीपुढं कडबा टाकत होता. मी पुढे होऊन बोलणार, तेवढ्यात मामांनी मला हातानंच थांबवलं. ते त्याच्यासमोर जाऊन नुसते उभे राहिले. त्या माणसानं एकदा बघितलं, परत कडब्याकडं वळला, आणि मग झटकन मागे फिरला.

"आरं देवा! तुमी हाय व्हय अजून?"

त्यानं मामांचे दोन्ही दंड धरले आणि धरूनच राहिला. मामा वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरले. "तुमी मला नेलं," ते म्हणाले. "म्हनून..." आणि त्यांनी डबा पुढे केला. "म्हनून करंज्या आनल्यात."

तो माणूस डबा घ्यायचंही विसरला. "लई घोर लागला हुता मला," तो सांगत होता. "घरची रोज इचारायची, त्या म्हाताऱ्याचं काय झालं? मी काय सांगू? नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई. दवाखान्यात परत गेल्तो, तर ते म्हनले पेशंटचं नाव सांगा. आता नाव कुठनं आनू? तुमची एक चप्पल हाय आमच्याकडं. टेम्पोत ऱ्हायलेली. टाकून द्यायला जीव हुईना."

मला हे सुचलंच नव्हतं. आम्ही आमचं मन हलकं करायला आलो होतो. इतके महिने दुसऱ्या एका घरात कुणीतरी आमच्या मामांची काळजी वाहत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं लगेच बायकोला फोन लावला. "आगं, हाय म्हातारा! हितंच उभा हाय, करंज्या घिऊन आलाय!" पलीकडून बाई इतक्या जोरात बोलल्या की मलाही ऐकू आलं. "दे त्यांच्याकडं." मामांनी फोन कानाला लावला. बाईंनी विचारलं, "बाबा, जेवता का नीट?" मामा "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि मफलरनं डोळे पुसत राहिले.

निघताना मामांनीच त्यांना नाताळाला बोलावलं. आजवर त्यांनी कुणाला स्वतःहून आमंत्रण दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि ते आले. पंचवीस तारखेला सकाळी टेम्पो धुवून, पुढे झेंडूची माळ बांधून, नवरा-बायको देवळाच्या दारात उतरले. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. बाईंच्या हातात खरवसाचं पातेलं आणि एक पिशवी. पिशवीत ती चप्पल, स्वच्छ धुतलेली. आत्यांनी कपाळाला हात लावला, कारण तिच्या जोडीची त्यांनी कधीच टाकून दिली होती.

"आमी आत बसलं तर चालंल ना?" बाईंनी मला हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत आत्यांनी त्यांचा हात धरून त्यांना बायकांच्या बाजूला आपल्याशेजारी बसवलंसुद्धा. उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली तेव्हा मामा उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सगळी मंडळी वळून बघायला लागली.

"मी बाजारात पडलो, तवा देवानं ह्या मानसाला तिथं उभं केलं हुतं," ते म्हणाले. "देवाचे आभार. ह्यांचेबी आभार." आणि खाली बसले. शेजारी बसलेल्या टेम्पोवाल्या दादांना काय करावं कळेना. त्यांनी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना हात जोडले, मग पाळकसाहेबांना, मग देखाव्यातल्या गव्हाणीतल्या बाळ येशूला.

दुपारी आमच्या अंगणात पंगत बसली. दादा आणि त्यांच्या घरच्या मटण खात नव्हते, तो त्यांचा उपवासाचा महिना होता. आत्यांनी आधीच फोनवर विचारून पुरणपोळीचा घाट घातला होता. जेवण झाल्यावर दादा मामांना म्हणाले, "गेल्या टायमाला तुमी माझ्या टेम्पोत बसला, पन बघितलं काहीच न्हाई. चला, जागेपनी एक चक्कर मारू."

मामा पुढच्या सीटवर ऐटीत बसले. गल्लीतली पोरं मागच्या हौद्यात चढली आणि नाताळची गाणी म्हणायला लागली. टेम्पो हॉर्न वाजवत फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. मामा खाली उतरले ते थेट आत्यांकडं आले.

"पोळ्या चांगल्या झाल्या हुत्या," ते म्हणाले.

आत्यांनी या वेळी काहीच विचारलं नाही. आणखी एक पोळी गरम करून, तुपाची धार सोडून त्यांना वाढली.