मित्राच्या पासवरची शिफ्ट

पोलिस खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बऱ्याच केसेस विसरलो, काही मुद्दाम विसरलो. ही मात्र पाठ सोडत नाही.

चाकणजवळच्या एका वस्तीत भर संध्याकाळी नवरा, बायको आणि लहान मुलगी असे तिघांचे खून झाले. लोक खवळले, वरिष्ठांचे रोज फोन. तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितले, की शेजारच्या खोलीतला बेकार तरुण मराठवाड्यातल्या आपल्या गावी पळाला आहे, आणि नळावरून त्याचे मयत नवऱ्याशी भांडण होते. त्याला उचलून आणले.

"साहेब, म्या दोस्ताच्या गेटपासवर कंपनीत सेकंड शिफ्टला हुतो," एवढेच तो म्हणत राहिला. कंपनीच्या हजेरीत त्या दिवशी दोस्त स्वतःच हजर होता. म्हणजे हा खोटारडा, आणि खोटारडा म्हणजे खुनी. मग कोठडीत जे होते ते झाले आणि तो कबूल झाला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून आरोपीने हत्यार काढून दिल्याचा पंचनामा हवा. कोयता आम्हाला आधीच नाल्यात सापडला होता. तो परत तिथे ठेवला, आरोपीला नेले, आणि ठाण्यासमोरच्या चहावाल्याची, म्हणजे आमच्या नेहमीच्या पंचाची, सही घेतली.

आठवड्याने दोस्त स्वतः ठाण्यात आला. बहिणीच्या लग्नाला गेला होता. खाडा झाला की ठेकेदार काढून टाकतो, म्हणून आपल्या पासवर याला पाठवले होते. कारखान्यांच्या या पट्ट्यात हे सर्रास चालते. मशीनपुढे माणूस उभा असला की झाले, ठेकेदार तोंड बघत नाही. हे मला चांगले ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "लिहून देतोस? मग फसवणुकीत तूही आत." तो निघून गेला. पुढे खटल्यात आरोपीच्या वकिलाने बोलावले तेव्हाही फिरकला नाही.

सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मला प्रशस्तिपत्र मिळाले. सर्वोच्च न्यायालयात मात्र पंचनामा टिकला नाही. नऊ वर्षांनी तो सुटला. खरा खुनी आजही मोकळा आहे, कारण आमच्या लेखी तपास संपला होता.

गेल्या वर्षी तो सुटलेला माणूस माझ्या मोशीच्या घरी आला. वाटले, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. पण त्याला नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता आणि तो मिळत नव्हता. मी सोबत ठाण्यात गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, तो दाराशी उभाच राहिला.

"निर्दोष सुटलाय," मी म्हणालो.

"संशयाचा फायदा असेल, सर."

हे वाक्य मीही आयुष्यभर वापरले. त्या दिवशी मात्र कंटाळा आला, त्या वाक्याचा आणि स्वतःचाही. म्हणालो, "नाही. हा कामावरच होता. याचा दोस्त मला तेव्हाच सांगून गेला होता. मीच त्याला धमकावून परत पाठवला."

दाराशी उभा असलेला तो आत आला. त्याला हे माहीतच नव्हते.

"आला हुता व्हय तो?" त्याने हळूच विचारले. "साहेब, म्या नऊ वर्सं त्यालाच शिव्या दिल्या."

तपासात माणूस कसा चुकतो, यावर मी प्रशिक्षणात पुष्कळ व्याख्याने दिली आहेत. मी चुकलो नव्हतो. मला माहीत होते.