तोंडातली सुपारी

माधवचा फोन आला तेव्हा मी ताटावर बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो बोलला. "निघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. समोर अर्धी भाकरी होती, थोडं वरण होतं. सूनबाईनं विचारलं, मी सांगितलं, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि माझ्या डोक्यात काय यावं? की आता मला 'घे' म्हणणारं कुणी उरलं नाही. सख्खी बहीण गेल्यावर असला विचार कुणाला येतो का, मला ठाऊक नाही. मला आला, म्हणून लिहून राहिलो.

आक्का माझी थोरली बहीण, माधव तिचा एकुलता. नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती मुखेडात आमच्याच गल्लीत, मी बांधलेल्या दोन खोल्यांत राहिली. मी गवंडी. चौथीतून हातात थापी आली ती गुडघे जाईपर्यंत सुटली नाही, आणि माझ्या हातची भिंत पडलेली कुणी दाखवून द्यावी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आक्कानं मला नापास केलेलं पुढं येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की हा माणूस असाच कुणीतरी.

गल्लीत आक्काची ओळख पोरांच्या 'दिवसा'मुळं. आमच्याकडं दहावी झाली की पोरं क्लाससाठी लातूरला जातात. आईबाप गादी घेतात, बकेट घेतात, कुलूप घेतात. आक्का विचारायची, "गादी-बकेट सगळं दिलाव, पोराला शिकवून काय दिलाव?" मग ज्या घरचं लेकरू जाणार, त्या घरी ती एक दिवस सकाळीच जाऊन बसायची. त्या दिवशी घर त्या लेकराचं. पाणी भरणं, बाजार, गॅस, भाकरी, कपडे, दारात आलेल्या माणसाशी बोलणं, सगळं त्यानंच करायचं. आणि मोठ्यांनी नुसतं बसायचं. आक्का कमरेची पितळी डबी काढायची आणि एकेकाच्या तळहातावर सुपारी ठेवायची. फोडलेली नाही, अख्खी. ती गालात धरायची, दिवस मावळेपर्यंत. जेवणापुरती काढून ताटाशेजारी ठेवायची, पण तेव्हाही शब्द काढायचा नाही. अख्खी सुपारी तोंडात असली की माणूस बोलायला जातो आणि आधी ती बाहेर येते, हे ज्यानं केलं त्यालाच कळंल. "लेकरं शिकत्यात की," ती म्हणायची, "तुम्ही गप बसलाव तर."

तिला हे सुचलं माधवमुळं. आमच्या गल्लीतून लातूरला गेलेला पहिला पोरगा तो. पहिल्या सुट्टीला आला तर शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. आम्ही घाबरलो. दवाखाना झाला, औषध झालं, रोग काही निघंना. मग एका दुपारी तो जेवत होता, मी शेजारी होतो. आक्का म्हणाली, "घे." तो म्हणाला, "नको." तिनं भाकरी टाकली, त्यानं खाल्ली. "घे." "नको." टाकली, खाल्ली. तिसऱ्या वेळी तिचा हात तसाच वर राहिला.

"माधव, मेसमधी वाढणारा काय म्हणतो रं?"

"पायजे का म्हणतो."

"आन तू?"

"नको म्हणतो."

"मंग?"

"मंग तो पुढं जातो."

मला जे हसू फुटलं ते आवरंना. एवढं शिकायला गेलेलं पोरगं, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारंल म्हणून अर्धपोटी उठत होतं! आक्का हसली नाही. "ह्याला आपणच उपाशी राहायला शिकविलं, किशा," ती म्हणाली. "ह्यानं नको म्हणायचं, मी बळंच वाढायचं. लातुरात बळंच वाढणारी कोण बसलीय?" माझं तिच्याशी तिथंच भांडण झालं. आग्रह नसंल तर ते घर कसलं, ती खानावळ झाली! हे माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

माझ्या विलासचा दिवस आला तेव्हा मला वाटलं, गप बसण्यात काय अवघड आहे? विलास काठवटीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसला. दारावरून जाणाऱ्या बाया थांबून थांबून बघायच्या. "काय विलासराव, सासू पसंत करंल बरं का!" मी सहन केलं. मग त्यानं पिठात गार पाणी ओतलं. ज्वारीचं पीठ, गार पाणी! दर वेळी भाकरी उचलली की हातात तुकडा यायचा. "अरं, ऊन पाणी घे की!" मी ओरडलो आणि सुपारी तोंडातून सुटून सरळ काठवटीत. पीठ उडालं, विलासच्या भुवया पांढऱ्या झाल्या. आक्कानं दोन बोटांनी ती उचलली, पदराला पुसली आणि सगळ्यांदेखत निकाल लावला. "पोरगं पास. बाप नापास."

दुसऱ्यांदा माझ्या पोरीच्या वेळी. दुधाचा हिशेब घेऊन एक आडदांड गडी दारात आला, पोरगी त्याला 'ह्या आठवड्यात एवढं दूध घेतलंच न्हाई' असं ठणकावून सांगत होती. मी आतून उठलो, "थांब, मी हाय ना." गडी माझ्याकडं बघून हसला, आणि पोरीचा चेहरा... असो. "तुझ्या तोंडाला सुपारी पुरत न्हाई," आक्का म्हणाली, "नारळ ठेवावा लागंल." पुन्हा नापास. शाळा मी स्वतः होऊन सोडली होती. नापास मला मास्तरनंसुद्धा कधी केलं नव्हतं.

पण गंमत सांगतो. गल्लीभर पोरांना मागून खायला शिकवणारी ही बाई मला मात्र बळंच वाढायची. माझी मंडळी वारल्यापासून संध्याकाळचं जेवण मी आक्काकडं करायचो. एक भाकरी झाली की ताटावर हात आडवा धरायचा, हा माझा रिवाज. ती लांबून, तव्यावरूनच टाकायची. "घे. मिजास पुरे झाली." मी एकदा विचारलं, "लेकरांना एक शिकवतीस आन मला का वाढतीस?" तर म्हणाली, "तुला कुठं लातूरला जायचंय?"

यंदा विलासची पोरगी पल्लवी दहावी झाली. लातूरला जायचं ठरलं. त्याच सुमारास आक्काला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माधवकडं, लातूरलाच, जायचं होतं. मुखेडच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. गाडी लागली तेव्हा तिनं कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली.

"पल्लवीचा दिवस माझ्यापायी अडवू नको. तूच बस."

"मी नापास माणूस."

"म्हणून तर. औंदा पास हो. आन सुपारी गिळू नको, म्हाताऱ्या."

खिडकीतूनही ती हसतच होती. ऑपरेशन व्हायच्या आधीच, सकाळी चहा ठेवता ठेवता ती गेली, असं माधव सांगतो.

आक्काच्या माघारी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे गेले, आणि मी घरात जाहीर केलं की पल्लवी यंदा कुठं जाणार नाही. मुखेडात काय शाळा नाही? विलास जमिनीकडं बघत बसला. पल्लवी उठली. आत गेली, भिंतीतल्या देवळीतली डबी आणली, उघडून माझ्यासमोर ठेवली. "आबा, बसताव का न्हाई?"

...बसलो.

पोरीनं पाणी भरलं. बाजारातून वांगी आणली, त्यातली निम्मी किडकी निघाली, ती परत घेऊन गेली आणि बदलून आली. मग काठवट ओढली, आणि बापासारखंच गार पाणी ओतलं. सुपारी माझ्या दातांवर खडखड वाजायला लागली. सूनबाई कोपऱ्यात, गाल फुगलेला, माझ्याकडं डोळे वटारून. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. पोरीची पहिली भाकरी मोडली, दुसरी मोडली. तिनं पीठ बाजूला सारलं, थोडा वेळ नुसतं बघत बसली आणि उठून गॅसवर पाणी ठेवलं. कुणी सांगितलं नाही. त्या पोरीनं आपल्या मनानं पाणी ठेवलं! मला ओरडावंसं वाटलं, पण आता ते दुसऱ्या कारणानं.

जेवायला तिनं मला आधी वाढलं. सुपारी ताटाशेजारी काढून ठेवली. एक भाकरी संपली. "आबा, भाकरी?" माझा हात आपोआप ताटावर आडवा झाला. ती क्षणभर थांबली आणि पुढं गेली. आक्काच्या नियमाप्रमाणं बरोबरच केलं तिनं. भूक तर कडकडून लागलेली. पण मागायचं म्हणजे बोलायचं, आणि बोललो की नापास. पाणी प्यालो आणि सुपारी परत गालात धरली. दिवस मावळल्यावर काढली तेव्हा जबडा हलंना. "आबा पास!" पल्लवी टाळ्या वाजवून ओरडली. ज्या माणसाच्या तोंडून ते ऐकायचं होतं ते तिथं नव्हतं, पण झालो पास.

पल्लवी आता लातूरला आहे. परवा तिचा फोन आला. "आबा, आज मेसमधी दोनदा मागून घेतलं. वरण पातळ होतं, तेबी सांगितलं." मी म्हणालो, "शाबास."

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. समोरच्या भिंतीत देवळी आहे, माझ्याच हातची. तिच्यात आक्काची डबी ठेवलीय. एक भाकरी संपली. सूनबाईनं अदबीनं विचारलं, "मामा, भाकरी?" आणि माझा मेला हात पुन्हा ताटावर आडवा. ती चांगल्या घरची पोरगी आहे, सासऱ्याला बळंच कशी वाढंल? वळली. इतके दिवस मी असाच अर्धपोटी उठून राहिलो होतो, आणि कुणाला कळलं नव्हतं. आग्रह असावा, हे मी आजही म्हणतो. पण आग्रह करणारी लातूरला गेली ती तिकडचीच झाली.

मी ताटावरचा हात काढला.

"सूनबाई," म्हणालो, "वाढ अजून एक."

भिंतच बोलली असावी तशी ती माझ्याकडं बघत राहिली. मग तव्यावरची वाढली. गरम होती.