नांगर टाक

सानपाड्याला खाडीकडून चिखलाचा वास आला की मला माझ्या सासऱ्यांची होडी आठवते.

मी शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन नुकतीच तळवलीत आलेली. मामा मला खाडी दाखवायला घेऊन गेले आणि भर ओहोटीत इंजिन बंद पडलं. होडी थेट पुलाच्या खांबाकडे ओढली जाऊ लागली.

“सूनबाय, नांगर टाक,” वल्हं मारता मारता मामा म्हणाले.

मला शेतातला नांगर तेवढा ठाऊक. “होडीत कुठला नांगर, मामा?”

“तुज्या पायाशी हाय. ते लोखंड पान्यात टाक.”

मी ते दोन्ही हातांनी उचलून टाकलं. दोर सरसरत गेला, हिसका बसला आणि होडी खांबाच्या हातभर अलीकडे थांबली.

तेव्हा मला माझ्या अडाणीपणाची लाज वाटली होती. आता आठवतो तो एवढ्या धोक्यातही मामांनी माझ्यासाठी शांत ठेवलेला आवाज.